नऊ व्होल्टांचा सूर: अ‍ॅक्टिव्ह पिकअपविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी पिकअपवरच, म्हणजे तारांचं कंपन पकडून त्याचा विजेचा सिग्नल करणाऱ्या गिटारच्या भागावरच, पत्रांचा ढीग आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : दोन हमबकरची (दुहेरी कॉइलच्या पिकअपची) गिटार आहे, कॉलेजच्या बँडमध्ये मेटल वाजवतो. जड रिफ वाजवताना खालच्या तारांचा नुसता चिखल होतो. मित्र म्हणतात, ईएमजी ८१ हा बॅटरीवरचा पिकअप टाक, आवाज दुप्पट होईल. टाकू का?
(अभियांत्रिकीचा विद्यार्थी, गंगापूर रोड)

उत्तर : आवाज दुप्पट होणार नाही. अ‍ॅम्पमध्ये जाणारा सिग्नल वाढेल, तो लवकर फाटेल, आणि हे काम गेनची चकती फिरवूनही होतं. तुमची खरी तक्रार चिखलाची आहे, म्हणून आधी तो कुठे होतो ते बघू.

साध्या म्हणजे पॅसिव्ह पिकअपमध्ये चुंबकाभोवती केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात. स्ट्रॅटोकास्टर धाटणीच्या सिंगल कॉइलमध्येच सात-आठ हजार. वेढे वाढवले की सिग्नल वाढतो आणि त्याबरोबर कॉइलचा इंडक्टन्सही (बदलत्या प्रवाहाला होणारा कॉइलचा विरोध) वाढतो. हा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एका ठरावीक जागी टेकाड तयार होतं. तिथले सूर उठून दिसतात आणि त्याच्या वरचं सगळं झपाट्याने घसरतं. उदाहरणाला ४.४ हेन्रीचा हमबकर घ्या. गिटारच्या केबलची कपॅसिटन्स मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड असते. सहा मीटरची केबल आणि गिटारच्या आतले शंभरेक धरून ७०० झाले, तर टेकाड २,९०० हर्ट्झच्या आसपास येतं. त्याच गिटारला तीन मीटरची केबल लावली की ते ३,८०० वर सरकतं. पिकअपला हातही न लावता टोन बदलला.

अ‍ॅक्टिव्ह पिकअपच्या कॉइलचा इंडक्टन्स कमी ठेवलेला असतो. तिच्यातून येणारा बारीकसा सिग्नल पिकअपच्याच डबीत बसवलेला छोटा प्रीअ‍ॅम्प मोठा करतो, आणि बॅटरी लागते ती यासाठी. बाहेर पडताना इम्पिडन्स (सिग्नलच्या वाटेतला अडथळा) फार कमी असतो, ईएमजी ८१ चा सुमारे १० किलोओहम. त्यामुळे केबल तीन मीटर असो वा दहा, टोन जिथल्या तिथे राहतो. ८१ मध्ये सिरॅमिक चुंबक आहे. खालचा भाग आवळलेला आणि मधला-वरचा भाग पुढे, म्हणून पाम म्यूटिंगचे (तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवलेले) ठोके सुटे ऐकू येतात. मेटलवाल्यांना तो आवडतो तो यामुळे, मोठ्या आवाजामुळे नव्हे.

तरी विकत घेण्याआधी एक संध्याकाळ खर्च करा. तारा नव्या टाका. केबल तीन मीटरची वापरा. अ‍ॅम्पचा गेन आता आहे त्याच्या दोन-तृतीयांशावर आणा, बास थोडा उतरवा. मग ब्रिजच्या (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात त्या भागाजवळच्या) पिकअपची उंची बघा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि पिकअपच्या खिळ्यापासून तारेपर्यंतचं अंतर मोजा. जाड तारेखाली अडीच आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटर ही सुरुवातीची जागा. जाड बाजू एक मिलिमीटरवर चढवून ठेवलेल्या गिटारी सर्रास दिसतात, आणि चिखल तिथेच कालवला जातो. एवढं करूनही ठोके सुटे होत नसतील तर ८१ जरूर घ्या.

घेण्याआधी बॅटरीची जागाही मोजा. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी सुमारे ४८ × २६ × १७ मिलिमीटरची असते आणि मागच्या खोबणीत ती पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या फिरत्या भागाच्या) शेजारी बसायला हवी. बसत नसेल तर मागून बॅटरीचा वेगळा डबा बसवणारा गिटारचा कारागीर शोधा. घराजवळच्या सुताराकडून खोबण मोठी करून घेऊ नका. पटाशी आरपार जायला एक ठोका पुरतो.

प्रश्न : ईएमजी ८१/८५, सेमूर डंकनचे ब्लॅकआउट्स आणि फिशमन फ्लुएन्स यांत नेमका फरक काय? मला लग्नाच्या ऑर्केस्ट्रात साफ आवाज लागतो आणि स्वतःच्या बँडसाठी जड आवाजही.
(एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : ईएमजी ही कंपनी १९७६ पासूनची, आणि 'अ‍ॅक्टिव्ह' म्हटल्यावर लोकांच्या कानात जो आवाज येतो तो हिचाच. ८१ बहुतेक जण ब्रिजला लावतात. गळ्याकडे ८५ किंवा ६० लावायची पद्धत आहे. ८५ मध्ये अल्निको चुंबक असल्यामुळे आवाज गोल आणि भरीव. ६० मध्ये सिरॅमिक आहे, पण त्याच्या कॉइली जवळजवळ असल्यामुळे साफ आवाजात तारा वेगवेगळ्या ऐकू येतात. तुमच्यासारख्याने ८१/८५ ऐवजी ८१/६० ऐकून बघावा. काही जण ८५ ब्रिजला लावतात. एकल गिटारवादनाला तो जास्त मांसल लागतो आणि आमच्या मते ही मांडणी उगाच मागे पडलेली आहे.

ईएमजीवरचा जुना आक्षेप असा की साफ आवाज 'कोरडा' लागतो. त्यात तथ्य आहे. पॅसिव्ह पिकअपचं ते टेकाड व्हॉल्यूम कमी केला, केबल बदलली, पेडल बदललं की हलतं. अ‍ॅक्टिव्हमध्ये ते कारखान्यात ठरतं आणि तिथेच राहतं. काहींना हा भरवसा वाटतो, काहींना गिटार मुकी झाल्यासारखी वाटते. दोघंही बरोबर आहेत.

ब्लॅकआउट्स जास्त जोरकस आहेत. खालचा भाग मोठा आणि पिकचा फटका कमी दाबलेला. जड आवाजाला उत्तम. ऑर्केस्ट्रात मात्र त्यांचा बास ढोलकीच्या आणि कीबोर्डच्या डाव्या हाताच्या अंगावर येतो, तेव्हा मिक्सरवर १०० हर्ट्झच्या खालचं कापावं लागेल.

फ्लुएन्स २०१४ मध्ये आले. त्यांच्यात तारेचे वेढे नाहीत. छापील सर्किटच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचून कॉइल केलेली आहे. प्रत्येक पिकअपमध्ये दोन आवाज असतात, आणि पुश-पुल पॉट ओढून एकावरून दुसऱ्यावर जाता येतं. 'मॉडर्न' प्रकारात ब्रिजचा पहिला आवाज आवळलेला, अ‍ॅक्टिव्ह थाटाचा, तर दुसरा पॅसिव्ह हमबकरच्या जवळ जाणारा. एका गिटारवर तुमची दोन्ही कामं भागवायची असतील तर हा पर्याय सगळ्यात सोयीचा. किंमत पैशाशिवाय आणखी एका ठिकाणी मोजावी लागते, ती म्हणजे बॅटरी. ईएमजीचा एक पिकअप ८० मायक्रोअ‍ॅम्पिअर घेतो, म्हणजे ५०० मिलिअ‍ॅम्पिअर-तासांच्या चांगल्या अल्कलाइन बॅटरीवर दोन पिकअपचा हिशेब तीन हजार तासांवर जातो. फ्लुएन्सची भूक मिलिअ‍ॅम्पिअरमध्ये मोजतात, त्यामुळे आयुष्य शे-दोनशे तासांच्या घरात येतं.

प्रश्न : सिंगल कॉइलच्या गिटारला घरी प्रचंड भुणभुण आहे. अ‍ॅक्टिव्ह घेतला तर ती जाईल का? पण मला मेटल वाजवायचं नाही.
(एक वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : अ‍ॅक्टिव्ह म्हणजे मेटल हे समीकरण डोक्यातून काढा. पिंक फ्लॉइडचे गिटारवादक डेव्हिड गिलमोर यांनी लाल स्ट्रॅटोकास्टरवर वर्षानुवर्षं ईएमजीचे एसए पिकअप वाजवले, आणि त्याच धर्तीचा डीजी२० नावाचा तयार संच मिळतो. मेटलशी त्या सुराचा काही संबंध नाही.

भुणभुण मात्र दोन प्रकारची असते. गिटार हातात घेऊन जागच्या जागी गोल फिरा. एका दिशेला आवाज वाढत आणि दुसऱ्या दिशेला पडत असेल, तर कॉइल हवेतलं ५० हर्ट्झचं क्षेत्र पकडते आहे. अ‍ॅक्टिव्हने ही भुणभुण जवळजवळ जाते. पण फिरूनही फरक पडत नसेल आणि तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल, तर दोष गिटारच्या आतल्या शील्डिंगचा किंवा घरच्या अर्थिंगचा आहे. आपल्याकडे मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मुरमाड जमीन असेल तर जास्तच. खड्ड्यात पाणी सोडून तासाभराने पुन्हा ऐका. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या आकड्यावर असताना जी करकर येते ती वेगळीच. पंखा पूर्ण वेगावर करून बघा, करकर गेली तर चोर सापडला. शंभरेक रुपयांच्या रेग्युलेटरचा दोष झाकायला हजारो रुपयांचे पिकअप घेऊ नका.

प्रश्न : अ‍ॅक्टिव्ह संच दुरुस्तीवाल्याकडून बसवून घेतला. त्याने जुने ५००के (५०० किलोओहमचे) पॉट तसेच ठेवले, 'चालतंय' म्हणाला. पूर्ण व्हॉल्यूमवर छान वाजतं, थोडा कमी केला की आवाजावर गोधडी टाकल्यासारखं होतं. टोनचा पॉट तर शेवटपर्यंत काही करतच नाही आणि मग एकदम सगळं बुजवतो. पिकअप खराब आले का?
(नोकरदार वाचक, सातपूर)

उत्तर : पिकअप चांगले आहेत. पॉट चुकीचे आहेत. पॅसिव्ह हमबकरला ५००के, सिंगल कॉइलला २५०के आणि अ‍ॅक्टिव्हला २५के हा नियम उगाच नाही.

५००के चा पॉट विद्युतदृष्ट्या मध्यावर आणला की दोन्ही बाजूंना अडीच-अडीचशे किलोओहम येतात आणि केबलला त्यातून १२५ किलोओहमचा स्रोत दिसतो. त्यावर ७०० पिकोफॅरडची केबल लावली की १,८०० हर्ट्झच्या वरचं गळायला लागतं. हीच तुमची गोधडी. २५के चा पॉट असता तर स्रोत ८ किलोओहमच्या आसपास राहिला असता आणि गळती २८,००० हर्ट्झवर, म्हणजे माणसाच्या कानाबाहेर गेली असती. कमी इम्पिडन्ससाठी पैसे मोजायचे आणि वाटेत ५००के ची धोंड ठेवायची, असा हा प्रकार झाला. टोनचंही तेच. १० किलोओहमच्या स्रोतावर परिणाम व्हायला पॉट काही दहा हजार ओहमांपर्यंत उतरावा लागतो, आणि ५००के मध्ये ती जागा अगदी शेवटच्या चिमटीत येते.

दोन्ही पॉट २५के लॉगरिदमिक घ्या. गिटारच्या पॉटवर 'ए२५के' असं छापलेलं असतं. 'बी' असेल तर तो लिनिअर. इलेक्ट्रॉनिक्सच्या साध्या दुकानात २५के नसेल तर २२के लॉग मागा, तो बेलाशक चालतो. दांडा बघून घ्या. तुमची बटणं खाचेच्या दांड्याची असतील तर गुळगुळीत दांड्यावर बसणार नाहीत. टोनचा कपॅसिटरही बदला. पॅसिव्हचा ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरड काढून ०.१ घाला.

सोल्डर करताना पॉटच्या पाठीवर डाग द्यायचा असेल तर आधी पाठ बारीक पॉलिश पेपरने खरवडा, ४०-६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न वापरा आणि तीन-चार सेकंदांत काम संपवा. २५ वॅटच्या आयर्नने पाठ तापेपर्यंत घासत बसलं की आतली कार्बनची पट्टी भाजते आणि नवा पॉट पहिल्या दिवसापासून खरखरतो. बऱ्याच संचांत बिनसोल्डरची जोडणी येते. तुमच्या डब्यात ते पॉट आणि त्या तारा आल्याच असतील, दुरुस्तीवाल्याला विचारा कुठे गेल्या.

प्रश्न : फ्लुएन्स बसवून दोन महिने झाले. दर आठवड्याला बॅटरी संपते. दुकानदार म्हणतो पावसाळ्यामुळे.
(एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : पावसाळ्यावर आळ नको. वाजवून झाल्यावर केबल गिटारमधून काढता का? अ‍ॅक्टिव्ह गिटारला वेगळं बटण नसतं, जॅक हेच बटण. जॅक स्टिरिओ असतो. टोकाच्या पातीवर सिग्नल, बुडाच्या पातीवर ग्राउंड आणि मधल्या पातीवर बॅटरीची काळी तार. मोनो पिन आत गेली की तिचं लांब बूड मधल्या पातीला ग्राउंडशी जोडतं आणि वीज सुरू होते. केबल तशीच ठेवली तर आठवड्याचे १६८ तास पिकअप चालू राहतात, आणि तुमच्या बॅटरीचं आयुष्य तेवढंच आहे. केबल काढून वायरलेसचा ठोकळा जॅकमध्ये खोचून ठेवणाऱ्यांचीही हीच गत. ठोकळा बंद असला तरी त्याची पिन आत आहे.

केबल काढूनही बॅटरी जात असेल तर पिवळा मल्टिमीटर २०० मिलिअ‍ॅम्पिअरच्या रेंजवर घ्या. बॅटरीचं एकच टोक क्लिपला लावा आणि दुसऱ्या टोकाची जोड मीटरमधून पूर्ण करा. केबल बाहेर असताना आकडा शून्यच हवा. काहीही दिसलं तर काळी तार मधल्या पातीऐवजी बुडाच्या पातीला सोल्डर झाली आहे, किंवा कुणी जॅक बदलताना मोनो जॅक घातला आहे.

बॅटरी संपत आली की आधी जोराचा फटका फाटतो, मग आवाज बारीक आणि किरकिरा होतो. नव्या अल्कलाइनवर ९.४ व्होल्टच्या आसपास दिसतात. ८ च्या खाली गेली की कार्यक्रमाला नेऊ नका. स्वस्त झिंक-कार्बन बॅटरी लवकर दम तोडते, आणि विसरून राहिली की गळते. पावसाळ्यात खोबणीतल्या क्लिपवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर लिंबाच्या रसाचा एक थेंब काडीने लावा, पुसून घ्या आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा. ईएमजीवाल्यांनी तीन हजार तासांच्या भरवशावर न राहता वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी म्हणा, बॅटरी बदलून टाकावी.

प्रश्न : मंडळाच्या कार्यक्रमात गाताना ओठ माइकला लागला आणि सणसणीत शॉक बसला. हात गिटारच्या तारांवर होते. अ‍ॅक्टिव्ह पिकअप घातले की तारांचं अर्थिंग काढता येतं आणि शॉक बसत नाही, हे खरं का?
(गायक-गिटारवादक, पंचवटी)

उत्तर : अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं जिवावर बेतू शकतं. पॅसिव्ह गिटारमध्ये ब्रिजपासून एक तार ग्राउंडला जाते, म्हणून हात लावल्यावर भुणभुण कमी होते. ईएमजी आतूनच शील्ड केलेले असतात, त्यामुळे कंपनी ती तार काढायला सांगते. तार काढली की तारांपासून अ‍ॅम्पपर्यंतची वाट तुटते. पण जॅकची धातूची पट्टी, केबलची पिन आणि धातूची बटणं ग्राउंडलाच जोडलेली राहतात. सगळ्या कंपन्यांचं सांगणंही एक नाही. फ्लुएन्समध्ये ही तार ठेवायची असते. डब्यातला कागद वाचा.

शॉक आला तो अ‍ॅम्पचं ग्राउंड आणि माइकच्या साउंड सिस्टिमचं ग्राउंड यांत फरक असल्यामुळे. मांडवात हे नेहमीचं. साउंड एका फेजवर, अ‍ॅम्प डेकोरेटरच्या दुसऱ्या बोर्डवर, जनरेटरला अर्थिंगचा पत्ता नाही, आणि कुणीतरी अ‍ॅम्पच्या पिनची जाड दांडी मोडून ती दोन पिनच्या सॉकेटमध्ये बसवलेली. कार्यक्रमाआधी मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टवर घ्या. हात फक्त प्लॅस्टिकच्या मुठींवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला (तारांचं अर्थिंग काढलेलं असेल तर जॅकच्या धातूच्या पट्टीला) आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. पाच व्होल्टच्या वर काहीही दिसलं तर वाजवायचं नाही. अ‍ॅम्प, पेडलं आणि मिक्सर एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डवर, एकाच फेजवर आणा आणि पुन्हा मोजा. त्या बोर्डाच्या आधी ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) असावा. अ‍ॅम्पची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, भुणभुण घालवण्यासाठीसुद्धा नाही. माइकवर स्पंजची टोपी घाला, ती स्वस्त आहे.

प्रश्न : ब्रिजला अ‍ॅक्टिव्ह आणि गळ्याला जुना पॅसिव्ह ठेवला तर? शिवाय जर्मेनियम फझ (आवाज फाडणारं पेडल) वापरतो.
(एक वाचक, सिडको)

उत्तर : ठेवता येतं, पण प्रत्येकाला स्वतःचा व्हॉल्यूम हवा. अ‍ॅक्टिव्हला २५के, पॅसिव्हला ५००के. एकच पॉट ठेवला तर २५के वर पॅसिव्ह बुजतो आणि ५००के वर अ‍ॅक्टिव्हची वर सांगितलेली गोधडी येते. स्विच मधोमध आणला की अ‍ॅक्टिव्हचा कमी इम्पिडन्स पॅसिव्हला गिळून टाकतो, म्हणून मधली जागा नसल्यातच धरा. फझचं दुखणं मोठं आहे. त्या सर्किटला समोर पॅसिव्ह कॉइलच लागते, व्हॉल्यूम उतरवला की ते साफ होतं ते तिच्यामुळे. अ‍ॅक्टिव्हपुढे ते करकरीत लागतं आणि साफ होतच नाही. फझ तुमच्या आवाजाचा प्राण असेल तर ही गिटार पॅसिव्हच राहू द्या.

प्रश्न : जुनी गिटार घ्यायची आहे. पिकअप काळे, बंद डबीचे, मालक 'अ‍ॅक्टिव्ह' म्हणतो. ओळखायचं कसं?
(एक वाचक, सिन्नर)

उत्तर : बॅटरी काढायला सांगा आणि अ‍ॅम्पला लावून वाजवा. तरीही वाजली तर काळी डबी नुसता मुखवटा आहे, आत पॅसिव्ह. बॅटरीची जागाच नसेल तर विचारायलाही नको. उलटं फसू नका. बॅटरी आहे म्हणून पिकअप अ‍ॅक्टिव्ह असं होत नाही. काही गिटारींत पिकअप पॅसिव्हच असतात आणि बॅटरी फक्त बास-ट्रेबलच्या सर्किटसाठी असते. मागचं झाकण उघडू दिलं तर पॉटवरचा आकडा वाचा. २५के दिसला तर मालक बहुधा खरं बोलतोय.

प्रश्न : दोन बॅटऱ्या लावून १८ व्होल्ट केले तर आवाज वाढतो का?
(एक वाचक, इगतपुरी)

उत्तर : आवाज वाढत नाही, मोकळीक वाढते. साफ आवाजात जोरात झोडपलं की पिकचा फटका दबत नाही. भरपूर गेनवर फरक कळणं अवघड. ईएमजीला २७ व्होल्टपर्यंत चालतात, इतरांचा कागद बघूनच करा. एकीचं लाल दुसरीच्या काळ्याला जोडायचं, उरलेली दोन टोकं आधीसारखी. प्रवाह दोन्हींतून तोच वाहतो, त्यामुळे आयुष्य दुप्पट होत नाही आणि बदलताना दोन्ही एकदम बदलायच्या. एक नवी आणि एक अर्धमेली लावली की अर्धमेली आधी बसते, मग गळते, आणि गळालेलं पहिल्यांदा पॉटवरच उतरतं.